सरकारी दवाखाना आणि देशाची श्रीमंती

यंदाच्या स्मरणिकेसाठी “विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असे काहीतरी लिहा” असा मंडळाच्या चिटणीसांचा आग्रह झाला. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर आणि पेशाने बँकेतले कारकून. अर्थशास्त्राशी आमचा संबंध पदवीपुरता एक पेपर आणि नंतर रोजची रोकड मोजणे, एवढाच. तेव्हा या लेखात पांडित्य शोधू नये. परंतु बरीच वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूस बसल्यावर काही गोष्टी न शिकताही कळू लागतात. त्यांतल्या एकीपासून सुरुवात करतो.

मुदत ठेव मुदतीआधी मोडायला माणसे येतात. कारण विचारण्याचा आम्हांस अधिकार नाही. पण माणूस आपणहून सांगतो. कुणाची पत्नी अतिदक्षता विभागात असते, कुणाच्या वडिलांचे डायलिसिस सुरू झालेले असते, कुणाच्या मुलाला डेंग्यू झालेला असतो. ठेव असते पाच वर्षांची, मुलीच्या शिक्षणासाठी म्हणून ठेवलेली, आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मोडते. व्याज कमी दराने मिळते, वर दंड कापला जातो. ज्यांच्याकडे ठेव नसते ते पाटल्या नाहीतर मंगळसूत्र घेऊन सोनेतारणाच्या टेबलाकडे जातात. ज्यांच्याकडे तेही नसते ते बँकेत येतच नाहीत. ते कुणाच्या दारात जातात हे आपणा सर्वांस माहीत आहे.

एक रिक्षावाले गृहस्थ आमच्याकडे नियमाने हप्ता भरत. महिन्याची पाच तारीख कधी चुकली नाही. पुढे त्यांना क्षयरोग झाला. गोळ्या सरकारी केंद्रातून फुकट मिळाल्या, हे मुद्दाम सांगतो. पण चार-पाच महिने रिक्षा उभी राहिली. फुकट गोळीने रोग बरा झाला, हप्ते मात्र थकले, आणि बारावीतल्या मुलाने शाळा सोडून रिक्षा हाती घेतली. बँकेच्या दृष्टीने ते एक थकीत खाते. घराच्या दृष्टीने त्या आजाराची किंमत त्या मुलाने भरली, आणि ती तो जन्मभर भरत राहणार. आजाराचा खर्च म्हणजे केवळ डॉक्टरांचे बिल नव्हे, हे समजायला आम्हांस एवढे उदाहरण पुरेसे झाले.

आता हाच हिशोब एका घराऐवजी एका देशाचा मांडला तर? आमच्या शाखेत जेवणाच्या सुट्टीत हा वाद नेहमी रंगतो. एका सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की आधी देश श्रीमंत होऊ द्यावा, कारखाने निघू द्यावेत, मग दवाखाने आपोआप बांधले जातील. गरीब देशाने दवाखान्यांवर पैसा उधळणे म्हणजे बियाणे दळून खाणे होय. हे म्हणणे सरसकट चूक नाही, म्हणूनच त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. आणि आपल्या वस्त्यांतली बहुसंख्य माणसे आजही सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभी असतात, त्यामुळे हा वाद आपल्याला नुसता जेवणाच्या सुट्टीपुरता ठेवता येत नाही.

प्रथम विद्यार्थ्यांसाठी दोन शब्दांचा खुलासा. देशात एका वर्षात जेवढ्या वस्तू व सेवा निर्माण होतात त्यांच्या एकूण किमतीस सकल देशांतर्गत उत्पादन म्हणतात. ते वर्षाकाठी किती टक्क्यांनी वाढले, ती आर्थिक वाढ. सरकारने (केंद्र, राज्य, महापालिका सर्व धरून) आरोग्यावर केलेला खर्च या उत्पादनाच्या किती टक्के, हे तुलनेचे माप. आपल्या देशात हे माप २०१३-१४ साली १.१५ टक्के होते. २०२१-२२ मध्ये, म्हणजे कोरोनाच्या काळात, ते १.८४ टक्क्यांवर गेले. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०१० पर्यंत २ टक्के गाठू असे लिहिले होते. २०१७ च्या धोरणात २०२५ पर्यंत २.५ टक्के. धोरणे लिहिणाऱ्यांची आमच्या बँकेत खाती असती तर त्यांना आम्ही मुदतवाढीचा फॉर्म दिला असता.

आर्थिक वाढ आणि आरोग्य यांचे नाते दोन्ही बाजूंनी चालते, आणि सगळा घोळ तिथेच आहे. श्रीमंत देशातली माणसे अधिक जगतात हे खरे. पण ती श्रीमंत आहेत म्हणून जगतात, की निरोगी आहेत म्हणून श्रीमंत झाली? १९७५ साली सॅम्युएल प्रेस्टन या अमेरिकन लोकसंख्याशास्त्रज्ञाने जगातल्या देशांचे दरडोई उत्पन्न आणि आयुर्मान एका आलेखावर मांडले. गरीब देशांत उत्पन्न थोडे वाढले की आयुर्मान झपाट्याने वाढते आणि पुढे ही चढण सपाट होत जाते, हे त्यात दिसले. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच होती. १९३० च्या दशकात अमुक एक उत्पन्न असलेल्या देशात माणूस जेवढा जगे, त्याहून कितीतरी अधिक तो १९६० च्या दशकात तेवढ्याच उत्पन्नाच्या देशात जगत होता. म्हणजे नुसत्या पैशाने हे झालेले नाही. लसी, डासांवरील फवारणी, स्वच्छ पाणी, सुईणींचे प्रशिक्षण असे काहीतरी मधे आले. आयुर्मानातील वाढीचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग उत्पन्नवाढीने आलेला नाही, असा प्रेस्टन यांचा अंदाज होता.

हे मधे आलेले काहीतरी कसे असते, ते पाहायला श्रीलंकेसारखे उदाहरण नाही. श्रीलंका म्हटले की आपल्या मंडळींना अनुराधापूर आठवते. तिथून जवळच मिहिंतले येथे हजारएक वर्षांपूर्वीच्या रुग्णालयाचे अवशेष आहेत. माणसाच्या आकाराची दगडी औषधी द्रोणी तिथे अजून पाहायला मिळते. पण आम्हांस सांगायचे आहे ते विसाव्या शतकातले.

१९२६ साली सिलोनमधील कळुतर येथे पहिले आरोग्य युनिट सुरू झाले. कल्पना साधी होती. एक ठरावीक टापू घ्यायचा; त्यात एक आरोग्य अधिकारी, स्वच्छता निरीक्षक आणि घरोघर फिरणाऱ्या प्रशिक्षित सुईणी नेमायच्या. रोगी दवाखान्यात येण्याची वाट पाहायची नाही. १९३१ मध्ये तिथे २१ वर्षांवरील सर्व स्त्रीपुरुषांना मताधिकार मिळाला, आणि मत मागायला येणाऱ्यांना खेड्यातली माणसे रस्ता, शाळा आणि दवाखाना मागू लागली. १९३४-३५ मध्ये मलेरियाची भयंकर साथ आली. सुमारे ८० हजार माणसे दगावली, आणि तीही पन्नास-पंचावन्न लाख वस्तीच्या बेटावर. त्या धक्क्यानंतर खेडोपाडी लहान रुग्णालये व दवाखाने वाढत गेले. १९४६ पासून डीडीटीची फवारणी देशभर सुरू झाली. मृत्यूचे प्रमाण १९४६ मध्ये हजारी सुमारे २० होते, ते १९४७ मध्ये १४ वर आले. एका वर्षात! १९५१ मध्ये सरकारी रुग्णालयांतील शुल्क रद्द झाले.

त्याच काळात बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांची संख्याही उतरू लागली. १९३० च्या दशकात दर लाख जन्मांमागे दोन हजारांच्या घरात माता मरत. आज तो आकडा तिशीच्या आसपास आहे. हे काही थोर शस्त्रक्रियांनी झाले नाही. सुमारे तीन हजार लोकवस्तीस एक सुईण, तिच्याकडे प्रत्येक गरोदर बाईची नोंद, अडल्यास तिला जवळच्या रुग्णालयात पोचवणारी रुग्णवाहिका, आणि त्या रुग्णालयात पैसे न मागणे, या चार गोष्टींवर ते झाले.

आता इथून अर्थशास्त्र सुरू होते, आणि आम्हांस या विषयात सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट हीच वाटली. सीमा जयचंद्रन व ॲड्रियाना येरास-म्यूनी या दोन अर्थशास्त्रज्ञ बाईंनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९४६ ते १९५३ या सात वर्षांत श्रीलंकेत मातामृत्यूचा धोका ७० टक्क्यांनी घटला. पण सर्व जिल्ह्यांत सारखा नाही, कुठे अधिक, कुठे कमी. बाळंतपणातला मृत्यू फक्त बाईचाच होतो, त्यामुळे मुलांशी तुलना करता आली. त्यांना असे आढळले, की या घटीमुळे पंधरा वर्षांच्या मुलीचे पुढचे आयुर्मान ४.१ टक्क्यांनी वाढले, मुलींची साक्षरता २.५ टक्क्यांनी आणि शाळेतली वर्षे ४ टक्क्यांनी वाढली. कोणी नवीन शाळा बांधली म्हणून नव्हे. मुलगी पहिल्या नाहीतर दुसऱ्या बाळंतपणात जाईल ही भीती कमी झाली, म्हणून आईबापांना तिला शिकवावेसे वाटू लागले.

वाचकांनी यावर क्षणभर थांबावे. ठेव किती वर्षांसाठी ठेवायची हे माणूस कशावरून ठरवतो? तेवढी वर्षे ती टिकेल या विश्वासावरून. शिक्षण हीदेखील ठेवच. मरण जवळ दिसत असेल तर कोण पंधरा वर्षांची ठेव ठेवील? सुईणीचा पगार सरकारच्या वहीत आरोग्याच्या रकान्यात पडला, पण त्याचे व्याज शिक्षणाच्या रकान्यात जमा झाले, आणि पुढे त्या शिकलेल्या मुलींच्या मजुरीत.

आईच्या जिवाचा खर्च कोणी करावा हा प्रश्न आपल्याकडेही जुना आहे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात गिरणीकामगार स्त्रियांसाठी प्रसूती साहाय्याचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणापूर्वी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून तो भार बव्हंशी सरकारने उचलला पाहिजे, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. बाबासाहेब अर्थशास्त्राचे पंडित होते हे आपण भाषणात नेहमी सांगतो. ते या एका मुद्द्यात किती दिसते हे क्वचितच सांगतो. लाभ साऱ्या राष्ट्राला होणार असेल तर खर्च एकट्या बाईवर किंवा एकट्या मालकावर का टाकावा, हा सार्वजनिक खर्चाच्या शास्त्राचा मूळ प्रश्न आहे.

आता सहकाऱ्यांच्या आक्षेपाकडे वळू. गरीब देशाला हे परवडते कसे? याचे उत्तर अमर्त्य सेन यांनी फार सोप्या शब्दांत दिले आहे. आरोग्यसेवा आणि प्राथमिक शिक्षण या गोष्टी यंत्रांपेक्षा माणसांच्या हातांनी अधिक चालतात. गरीब देशात मजुरीच कमी असते. म्हणजे सुईण, परिचारिका, आरोग्यसेवक यांचा पगारही कमी. पोलाद कारखान्याचे यंत्र आणायला गरीब देशालाही आंतरराष्ट्रीय भाव मोजावा लागतो. सुईण नेमायला नाही. त्यामुळे गरीब देशाकडे पैसा थोडा असला तरी त्याला लागतोही थोडाच. श्रीलंकेचा सरकारी आरोग्यखर्च उत्पादनाच्या दीड ते दोन टक्क्यांच्या आसपासच राहिला आहे. तो काही फार मोठा नाही. पण तो पोचला.

पोचला, हा शब्द महत्त्वाचा. कारण पुष्कळ ठिकाणी तो पोचत नाही. १९९९ साली फिल्मर व प्रिचेट या अर्थशास्त्रज्ञांनी अनेक देशांचे आकडे तपासले आणि सरकारी आरोग्यखर्चाचा बालमृत्यूंवर होणारा परिणाम फारच थोडा असल्याचे दाखवले; उत्पन्न, विषमता, स्त्रियांचे शिक्षण यांनीच बहुतेक फरक समजतो, असे त्यांचे म्हणणे. आमच्या सहकाऱ्यांना हे कळले तेव्हा ते आठवडाभर खुशीत होते. पण त्याचा अर्थ असा, की खर्चाचा आकडा आणि मिळालेली सेवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राजधानीत एक टोलेजंग रुग्णालय बांधले की आकडा वाढतो, खेड्यातल्या बाळंतिणीला त्याचा उपयोग नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, न कळवता दिलेल्या भेटींच्या वेळी भारतातील सरकारी आरोग्य केंद्रांतले सुमारे ४० टक्के कर्मचारी जागेवर नव्हते. पगार मात्र खर्ची पडतच होता. आम्ही स्वतः खुर्चीवर बसून पगार घेणारे असल्याने याहून अधिक बोलत नाही.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. माणसे जगू लागली की लोकसंख्या वाढते. भाकरी तेवढीच, खाणारी तोंडे अधिक. डॅरन ॲसेमोग्लू व सायमन जॉन्सन (हे दोघे २०२४ च्या अर्थशास्त्रातील नोबेल पारितोषिकाचे मानकरी) यांनी २००७ साली दाखवले, की १९४० नंतर जंतुनाशके, लसी आणि प्रतिजैविकांमुळे ज्या देशांत आयुर्मान झपाट्याने वाढले, तिथे लोकसंख्या वाढली, पण दरडोई उत्पन्न काही त्यामुळे वाढले नाही. याउलट ब्लूम, कॅनिंग व सेविला यांच्या २००४ च्या हिशोबात आयुर्मानातील एका वर्षाच्या वाढीमागे उत्पादनात चार टक्क्यांची भर दिसते. दोन्ही विद्वान, दोन्ही आकडेवाले. मग खरे कोण? आमच्या मते गोष्ट बरीचशी वेळेची आहे. बालमृत्यू घटले तरी आईबापांचा विश्वास बसायला एक पिढी जाते. तोवर पाच-सहा मुले होतच राहतात. नंतर जन्मांचे प्रमाण उतरते, कमावत्या हातांचे प्रमाण वाढते, आणि त्या वेळी त्या हातांना काम देण्याची सोय देशाने केलेली असेल तर वाढ दिसते. नसेल तर दिसत नाही.

श्रीलंकेचेच पाहा. आरोग्यात तो देश आपल्या कितीतरी पुढे गेला, पण पूर्व आशियातल्या देशांसारखी त्याची झपाट्याने भरभराट झाली नाही. १९८३ ते २००९ यादवी युद्ध चालले. २०२२ मध्ये परकीय चलन संपले, कर्जाचे हप्ते थांबले, त्या वर्षी उत्पादन सात टक्क्यांहून अधिक घटले आणि ज्या रुग्णालयांचा एवढा लौकिक तिथे औषधांचा तुटवडा पडला. दरडोई उत्पन्न आजही भारताहून जास्त आहे, पण सुईणींनी उभारलेली पत कर्जबाजारी तिजोरी सांभाळू शकली नाही. निरोगी माणूस हे जमिनीसारखे आहे. जमीन चांगली असली तरी पेरणी वेगळी करावी लागते. मलेरियाबाबतही असाच एक धडा तिथे मिळाला. १९६३ मध्ये देशभर अवघे १७ रुग्ण उरले, तेव्हा रोग गेला असे समजून फवारणी आवरती घेतली गेली. १९६८-६९ मध्ये लाखो रुग्णांची साथ पुन्हा उसळली. पुढे चिकाटीने काम करून २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेचे मलेरियामुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. आरोग्यावरचा खर्च एकदाच भरून मोकळे होण्याचा हप्ता नसतो.

चीनची कथा उलट्या क्रमाने बोलकी आहे. १९७८ च्या आर्थिक सुधारणांपूर्वीच तिथे सहकारी वैद्यकीय योजना आणि ‘अनवाणी डॉक्टर’ म्हणजे थोडके प्रशिक्षण घेतलेले शेतकरी-वैद्य यांच्या बळावर आयुर्मान साठीच्या पुढे गेले होते. कारखाने निघाले तेव्हा त्यांत काम करायला धडधाकट आणि साक्षर माणसे तयार होती. त्यानंतर शेतीचे सामुदायिक गट मोडले, त्यांबरोबर गावोगावच्या वैद्यकीय योजनाही कोलमडल्या, आणि शतक उलटले तेव्हा आरोग्यखर्चातील निम्म्याहून अधिक पैसा रुग्णाच्या खिशातून जात होता. देश श्रीमंत होत असतानाच हे घडले, हे सहकाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. तिथली माणसे पैसा बाजूला टाकत, तो पुष्कळ अंशी आजाराच्या भीतीने, आणि भीतीने साठवलेला पैसा बाजारात फिरत नाही. २००३ च्या सार्स साथीनंतर सरकारला जाग आली आणि त्याच वर्षी ग्रामीण भागासाठी नवी सहकारी वैद्यकीय योजना सुरू झाली.

थायलंडने २००१-०२ मध्ये तीस बाथची योजना काढली. भेटीला तीस बाथ द्यायचे, बाकी खर्च सरकारचा; गरिबांना तेही माफ. त्यापूर्वी तिथे गरीब प्रांतांत अर्भकमृत्यू अधिक होते. योजनेनंतर प्रांताच्या गरिबीचा आणि अर्भकमृत्यूचा तो संबंध जवळजवळ नाहीसा झाला, असे नंतरच्या अभ्यासात दिसले. १९९७ च्या आर्थिक आपत्तीतून देश नुकताच सावरत होता, तेव्हाची ही गोष्ट आहे. भरभराट होईतो थांबलेला देश हा नव्हे.

लहान खर्चाचे मोठे फळ पाहायचे तर केनियातले उदाहरण आहे. बुसिया भागातील ७५ शाळांत १९९८ पासून टप्प्याटप्प्याने मुलांना जंताच्या गोळ्या देण्यात आल्या. शाळेतली गैरहजेरी चौथ्या हिश्शाने घटली. वीस वर्षांनी त्याच मुलांचा शोध घेतला तेव्हा, ज्यांना दोन-तीन वर्षे अधिक गोळ्या मिळाल्या होत्या त्यांची तासाची कमाई इतरांपेक्षा १३ टक्क्यांनी जास्त होती. या निष्कर्षांवर विद्वानांत बरेच वाद झाले आहेत, तेही सांगितले पाहिजे. पण विद्यार्थ्यांनो, शाळेत तुम्हांला जंतनाशक दिनी अल्बेंडाझोलची गोळी चघळायला देतात आणि तुमच्यापैकी काही जण ती खिडकीबाहेर टाकतात, त्या गोळीचा हा इतिहास आहे.

साथ आली की हिशोब उलटा मांडता येतो, म्हणजे खर्च न केल्याचे बिल दिसते. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला तेव्हा आम्ही शाळकरी होतो. सुट्टीला खानदेशात आजोळी जाणे व्हायचे. तिथल्या कितीतरी घरांतली माणसे उधना-लिंबायतच्या यंत्रमागांवर कामाला. ती रातोरात परतली, आणि गावातल्या लोकांनी त्यांना ओट्यावरच बसवून ठेवले. काही दिवसांत काही लाख माणसांनी सुरत सोडली. कापडाचे माग आणि हिऱ्यांच्या घंट्या बंद पडल्या. आखाती देशांनी विमाने थांबवली, भारताचा माल नाकारला. मृतांचा सरकारी आकडा शंभराच्या आतच राहिला, पण व्यापाराचे नुकसान अब्जावधी रुपयांचे झाले. आणि कारण काय? पुरानंतर न उचललेला गाळ, मेलेली जनावरे आणि कचरा. १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. झाडूवाल्यांपासून अधिकाऱ्यांपर्यंत सर्वांना सकाळी रस्त्यावर उतरवले. वर्ष-दोन वर्षांत तेच शहर स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. सफाईवर जेवढा खर्च झाला आणि प्लेगने जेवढा बुडवला, यांची बरोबरी होणार नाही. त्या सफाईत हात कोणाचे होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

आता पुन्हा आमच्या काउंटरकडे. सरकार खर्च करत नाही तेव्हा खर्च व्हायचा थांबत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या खिशातून होतो. २०१३-१४ साली भारतातील एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के रक्कम लोकांनी थेट खिशातून भरली. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. घट मोठी आहे, स्वागतार्ह आहे. तरीही शंभरातले चाळीस रुपये अजून ठेव मोडून, पाटल्या गहाण टाकून किंवा मुलाची शाळा सोडवून येतात. ते रुपये एरवी दुकानात, शिलाई मशीनमध्ये, फीमध्ये गेले असते. त्यांना अर्थशास्त्रात गुंतवणूक म्हणतात. आमच्या सहकाऱ्यांचे दळून खाल्लेले बियाणे ते हेच. फक्त दळणारे वेगळे निघाले.

विद्यार्थ्यांना हा विषय पुढे न्यायचा असेल तर एक काम सुचवतो. महाराष्ट्राचा अर्थसंकल्प दरवर्षी छापला जातो आणि तो कोणालाही पाहता येतो. त्यात मुख्य लेखाशीर्ष २२१०, ‘वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य’, शोधावे. सार्वजनिक आरोग्य विभागाची आणि वैद्यकीय शिक्षण विभागाची मागणी वेगवेगळी असते, दोन्ही पाहाव्यात. भाषणात येतो तो अर्थसंकल्पीय अंदाज. त्याच्या शेजारी सुधारित अंदाजाचा रकाना असतो, आणि दोन वर्षांपूर्वीच्या प्रत्यक्ष खर्चाचा. तीन वर्षांची पुस्तके समोर ठेवून एकाच वर्षाचे हे तीन आकडे एका ओळीत लिहावेत. मग त्यातले पगार किती, औषधे किती, बांधकाम किती, हे उपशीर्षांवरून वेगळे काढावे. बेरीज-वजाबाकीपलीकडचे गणित लागत नाही. दोन-तीन रविवार पुरतात. कोणी हे करून आणल्यास, मंडळाच्या वाचनालयात संध्याकाळी सातनंतर आम्ही असतो. आकडे ताडून पाहायला बसू.